बत्ताशावर दोन थेंब

१९११ साली बार्शी लाईट रेल्वेचे रूळ तडवळ्याहून पुढे सरकत लातूरला पोचले, आणि वाटेतल्या ढोकीला आगगाडी दिसली. अडीच फूट रुंदीचा रूळ, एव्हरर्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने हट्टाने हलकी ठेवलेली बांधणी, आणि बैलगाडीशी शर्यत लावावी असा वेग. तरी या रुळांनी बालाघाटाच्या कुशीतल्या गावांचे बरेच काही बदलले. लातूरकडचा कापूस, करडई, ज्वारी बार्शीच्या पेठेत उतरू लागली आणि परतीच्या डब्यांत कापड, रॉकेल, काड्यापेट्या, साबण भरून येऊ लागले. या परतीच्या मालातच बोटाएवढ्या काचेच्या बाटल्याही असत. त्यांच्या बुचाला नाक लावले की डोळ्यांत पाणी यावे असा उग्र, गार वास.

आज ढोकी म्हटले की लोकांना तेरणा साखर कारखाना आठवतो, फार तर शेजारचे तेर. तेर म्हणजे जुने तगर. 'पेरिप्लस'च्या ग्रीक लेखकाने पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून त्याची नोंद पहिल्या शतकातच करून ठेवली आहे, आणि तिथले कापड गाड्यांतून भडोचला जाते असेही लिहिले आहे. म्हणजे परमुलखाचा माल या भागाला काही नवा नव्हता. रोमन नाण्यांपासून हस्तिदंती बाहुलीपर्यंत काय काय तेरच्या मातीत निघाले, ते रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या तिथल्या वस्तुसंग्रहालयात पाहता येते. पण मला इथे सांगायची आहे ती बरीच अलीकडची, सव्वाशे वर्षांच्या आतली गोष्ट. पोटात कळ आली, उलटी झाली, ऊन बाधले की बत्ताशावर दोन थेंब टाकून द्यायचे ते औषध आपल्या घरांत आले कसे, ही ती गोष्ट. हे औषध आपण सरसकट आजीबाईच्या बटव्यातले मानतो. खरे पाहता त्या आजीच्या आजीला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

चरक-सुश्रुतांच्या संहितांत पुदिना नाही. पोटाच्या तक्रारींना तिथे हिंग आहे, सुंठ आहे, ओवा आहे, सैंधव आहे, आणि मराठवाड्यातल्या चुलीशेजारच्या डब्यांतही हीच मंडळी होती. पुदिना आला तो फारसी नावानिशी, हकिमांच्या संगतीने. युनानी वैद्यकात अर्क काढण्याची पद्धत फार मुरलेली. वनस्पती पाण्यात भिजवायची, भबक्यात उकळायची, वाफ गार करून थेंब थेंब गोळा करायची. बडीशेपेचा अर्क, गुलाबाचा अर्क, पुदिन्याचा अर्क. निजामाच्या राज्यात युनानी हकिमांना सरकारी आश्रय होता आणि युनानी दवाखाने जिल्ह्याजिल्ह्यांत होते. धाराशिवकडच्या माणसाला 'अर्क' समजावून सांगावा लागत नसे. पेठेतल्या अत्ताराकडे अत्तर, कुंकू, उदबत्तीच्या जोडीला अर्काच्या बाटल्याही मिळत.

पण हा पुदिना म्हणजे पेपरमिंट नव्हे. पेपरमिंट ही निराळीच वनस्पती, आणि तिचे मूळ गाव इंग्लंड. पाणपुदिना आणि आपण चटणीत घालतो त्या जातीचा पुदिना यांचा आपोआप संकर होऊन ती झाली. जॉन रे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १६९६ मध्ये तिचे वर्णन केले आणि १७२१ च्या लंडनच्या औषधकोशात तिला जागा मिळाली. संकरित असल्याने तिला रुजणारे बी जवळपास धरतच नाही. मुळ्या आणि धुमारे लावूनच ती वाढवायची. लंडनजवळच्या मिचम गावात तिची शेतेच्या शेते उभी राहिली आणि तिथले तेल नावाजले गेले. हे तेल अल्कोहोलात मुरवले की झाले स्पिरिट ऑफ पेपरमिंट, पाण्यात घोळवले की पेपरमिंट वॉटर. दोन्ही इंग्रजी दवाखान्यांबरोबर हिंदुस्थानात आली आणि मुंबईत केम्प, ट्रीचर अशा विलायती औषधवाल्यांच्या फडताळांवर बसली.

गोऱ्या साहेबाच्या खिशात मात्र तेव्हा दुसरी बाटली असे. ती क्लोरोडाइनची. जॉन कॉलिस ब्राऊन हा लष्करी डॉक्टर हिंदुस्थानात असताना पटकीवर इलाज शोधत होता. त्याच्या मिश्रणात अफूचा अंश, क्लोरोफॉर्म, भांगेचा अर्क आणि चवीला पेपरमिंट होते. १८५६ मध्ये त्याने लंडनच्या डॅव्हनपोर्ट या औषधवाल्याशी करार केला आणि क्लोरोडाइन साम्राज्यभर गेले. अफूमुळे जुलाब थांबत, दुखणे बोथट होई आणि कित्येकांना बाटलीची चटकही लागे. पेपरमिंटचे काम त्यात एवढेच, की कडू घोट घशाखाली उतरावा.

खेड्यात पटकीवर इलाज होता तो मरीआई. साथ आली की पोतराज अंगावर कोरडे ओढी, लिंबाचे डहाळे बांधले जात, मरीआईचा गाडा सजवून गावच्या शिवेबाहेर नेऊन सोडला जाई. पुढच्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा. यात नुसती अंधश्रद्धा पाहणे मला उथळपणाचे वाटते. रोग गावातून गावात जातो, तो हद्दीबाहेर काढला पाहिजे, एवढे निरीक्षण त्या गाड्यात होतेच. चूक होती ती वाटेबाबत. पटकी विहिरीच्या पाण्यातून येत होती. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात तिचा जंतू दाखवला आणि १८९३ मध्ये हाफकिनने हिंदुस्थानात तिच्यावरची लस टोचायला सुरुवात केली, पण या गोष्टी खेड्यापर्यंत पोचायला दशके जायची होती. मधल्या काळात १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. पाणी आटले, माणसे खडी फोडायच्या कामांवर गोळा झाली आणि तिथे पटकीने कहर केला. त्यातच १९०६ मध्ये बार्शी लाईटची शाखा कुर्डुवाडीहून पंढरपूरला गेली. आषाढीला वारकऱ्यांच्या गर्दीत साथ फुटे हे आधीपासूनचे; आता परतणारा माणूस दोन दिवसांचे अंतर काही तासांत काटू लागला. ज्या रुळांवरून औषध येत होते, त्याच रुळांवरून रोगही येऊ शकत होता.

अशा काळात, १९०१ साली, लाहोरमध्ये पंडित ठाकूरदत्त शर्मा या वैद्यांनी अमृतधारा बाजारात आणली.

बाजारातल्या बाटलीत नेमके किती काय घालत हे त्या फार्मसीचे गुपित असेल, पण घराघरांत त्या नावाने जी कृती रुळली ती तीन द्रव्यांची: पुदिनाफूल, ओवाफूल आणि कापूर, तिन्ही समभाग. पुदिनाफूल म्हणजे मेन्थॉल, पुदिन्याच्या तेलातून गोठवून काढलेले. ओवाफूल म्हणजे थायमॉल, ओव्याच्या तेलाचे. ही कृती एकदा तरी डोळ्यांनी पाहावी अशी आहे. पुदिनाफुलाचे लांब, काचेच्या सुयांसारखे खडे. चिमटीत धरले तर बोटे आधी गार पडतात आणि मग चुरचुरतात. ओवाफुलाचे खडे जाडसर, अर्धपारदर्शक, त्यांना ओवा भाजतानाचा वास. कापराचे तुकडे करकरीत कोरडे. तिन्ही स्वच्छ, कोरड्या बाटलीत घालून बूच लावायचे. पाणी नाही, तेल नाही, विस्तव नाही. थोड्याच वेळात खडे एकमेकांना चिकटतात, त्यांच्या कडा ओलसर होतात, बाटलीच्या आतून घाम फुटल्यासारखे थेंब ओघळतात, आणि हलवत राहिले की सगळ्याचे पाणी होते. कापूर एकटा असता तर पावणेदोनशे अंशांच्या वर वितळता, ओवाफूल पन्नासच्या आसपास, पुदिनाफूल बेचाळीसच्या. तिघे एकत्र आले की एकमेकांची घडी विस्कटतात आणि मिश्रणाचा वितळण्याचा अंश खोलीतल्या हवेच्याही खाली येतो. रसायनशास्त्रात याला रीतसर नाव आहे. ज्या बाईने हे पहिल्यांदा पाहिले असेल तिला मात्र ते औषध जिवंत वाटले असल्यास नवल नाही.

पुस्तकी अर्थाने याला टिंक्चर म्हणता येत नाही. टिंक्चरला अल्कोहोल लागते. इथे औषधच स्वतःचा द्रव होते. खेड्यात हेच सोयीचे ठरले. स्पिरिट नको, त्यामुळे अबकारीचा परवाना नको, सोवळ्याओवळ्याची अडचण नको आणि मुसलमान घरातही संकोच नको. विलायती औषधात दारू असते म्हणून ते तोंडाला न लावणारी माणसे तेव्हा भरपूर होती. अमृतधारेने तो प्रश्नच संपवला. द्यायची रीतही घरगुती: बत्ताशावर नाहीतर चिमूटभर साखरेवर दोन थेंब. डोके दुखले तर कपाळाला एक बोट, विंचू चावला तर तिथे, दाढ दुखली तर कापसाच्या बोळ्याने. विंचवाच्या विषावर याचा काही उपयोग नाही हे खरे. पण कातडी गार पडली की माणसाला घटकाभर बरे वाटते, आणि विंचू उतरवणारा मांत्रिकही याहून जास्त काय करत होता?

या बाटलीत पाहिले तर अर्धे जग भरले होते. मेन्थॉल तेव्हा मुख्यतः जपानातून येई. तिथल्या पुदिन्याच्या जातीत ते इंग्रजी पेपरमिंटपेक्षा कितीतरी अधिक भरते. कापूर फोर्मोसाचा, म्हणजे आजच्या तैवानचा. १८९५ मध्ये ते बेट जपानने घेतले आणि १८९९ मध्ये तिथल्या कापरावर सरकारी मक्ता बसवला. देशी काय ते ओवाफूल. त्यातही गंमत अशी की, पहिल्या महायुद्धाआधी आपला ओवा पोत्यांनी जर्मनीला जाई आणि त्याचे थायमॉल करून तिकडचे कारखाने विकत. युद्धाने ती वाट बंद झाली तेव्हा ते इथेच काढायचा खटाटोप सुरू झाला. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या लाटेत ज्या देशी औषधांचा लोकांना अभिमान वाटला, त्यांतल्या या एका थेंबात दोन वाटे जपान होता. यात फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही. द्रव्ये परकी होती. ती एकत्र करायची अक्कल, देण्याची रीत आणि भाषा इथली होती.

तशीच अक्कल मुंबईत एका तेलुगू माणसाने आधीच लढवली होती. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३ मध्ये अमृतांजन काढले. तोच कापूर-मेन्थॉलचा वास, पण मलमात. गाण्याच्या बैठकींना येणाऱ्यांना ते फुकट वाटायचे आणि डोकेदुखीच्या वेळी आठवण राहील अशी व्यवस्था करायची, ही त्यांची युक्ती. त्याच पैशांवर त्यांनी १९०८ मध्ये मुंबईतून 'आंध्र पत्रिका' सुरू केली. तेलुगू पत्रकारितेचे एक मोठे नाव मुंबईतल्या बामच्या डबीतून उभे राहिले. मराठी वर्तमानपत्रांचा तेव्हाचा कोणताही अंक चाळला तरी हेच चित्र: अग्रलेखाचा विषय स्वराज्य आणि शेवटच्या पानावर बालामृते, अंजने, धारा आणि वट्या. ते जाहिरातींचे पैसे नसते तर पहिल्या पानावरच्या स्वराज्याचे काय झाले असते, हा विचार इतिहासकारांनी जरा अधिक करायला हवा.

ढोकीपुरते बोलायचे तर मधे एक अडसर होता. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात, ढोकी निजामाच्या मुलखात. म्हणजे तासा-दोन तासांच्या प्रवासात राज्य बदले, नाणे बदले, जकात लागे. निजामाच्या जकात खात्याला लोक करोडगिरी म्हणत. आत येणाऱ्या मालावर साधारण पाच टक्के आकारणी. बार्शीला कलदार रुपया, इकडे हाली शिक्का. सात हालीला सहा कलदार असा ढोबळ भाव. मुंबई-लाहोरकडची बाटली हद्द ओलांडून आली की तिची किंमत दोनदा चढे, एकदा करोडगिरीने आणि एकदा नाण्याच्या बदलीने. आठ आण्यांची बाटली घेण्यापेक्षा सुटी फुले आणून घरी पाणी करणे परवडे. घरगुती अमृतधारा इतकी पसरण्यामागे परंपरेपेक्षा हा हिशेब मोठा होता असे माझे मत आहे. खडे पुडीत बांधून कमरेला खोचता येत. बाटली दाखवावी लागे.

निजामाच्या हद्दीत तोवर दुसरे उत्तर तयार झाले होते, आणि त्याला करोडगिरीचा काच नव्हता. १९२० मध्ये हैदराबादेत हकीम मोहम्मद मोइझुद्दीन फारूकी यांनी झिंदा तिलिस्मात हे औषध काढले. निलगिरीचे तेल त्यात सर्वांत जास्त, सोबत कापूर, मेन्थॉल, ओवाफूल, आणि लालसर रंगासाठी रतनजोतीचे मूळ. म्हणजे लाहोरच्या धारेतली तिन्ही द्रव्ये इथेही होती. फरक निलगिरीचा आणि रंगाचा. लेबलावर पिळदार अंगाचा सिद्दी उभा. निजामाच्या फौजेत सिद्दी पहारेकऱ्यांचे पथक होते, हैदराबादच्या माणसाला ताकदीचे चित्र म्हणून तोच डोळ्यांपुढे येई. सर्दी, खोकला, पोटदुखी, डोकेदुखी, सगळ्यांना एकच बाटली. चहात थेंब, गरम पाण्याच्या वाफेत थेंब, छातीला बोट. हैदराबाद संस्थान तेलंगण, मराठवाडा आणि कन्नड जिल्हे मिळून होते. या तिन्ही मुलखांत हे औषध गेले, आणि संस्थान गेल्यावरही त्याची गिऱ्हाइके त्याच नकाशात राहिली. पुण्याच्या माणसाला झिंदा तिलिस्मात समजावून सांगावे लागते. लातूर, बीदर, नांदेडकडच्या जुन्या घरात तसे करावे लागत नाही. १९४८ मध्ये हद्द पुसली गेली, पण औषधांच्या कपाटात ती बराच काळ टिकली.

धाराशिवचा पट्टा मात्र या दोन्ही वासांच्या मधोमध होता. पश्चिमेकडून, बार्शीहून, हिंदी-मराठी लेबलाची धारा. पूर्वेकडून, हैदराबादहून, उर्दू लेबलाचे तिलिस्मात. एकाला वैद्याचे नाव, दुसऱ्याला हकिमाचे. आत जवळजवळ तेच. वैद्यक आणि हिकमत यांच्या भांडणाबद्दल तेव्हाच्या विद्वानांनी पुष्कळ कागद खर्च केला. बत्ताशाने ते भांडण कधी मानले नाही.

या थेंबांनी खरोखर काय होत होते? मेन्थॉल कातडीवर वा तोंडात लागले की गारव्याची जाणीव देणारे मज्जातंतू चेतवले जातात. प्रत्यक्षात काहीच थंड झालेले नसते. २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळांनी या जाणिवेचा दरवाजा पेशीवर स्वतंत्रपणे शोधून काढला. स्पर्श आणि तापमानाच्या जाणिवेवरील कामासाठी दोघांना २०२१ चे नोबेल मिळाले, त्यात हाही शोध होता. पेपरमिंटचे तेल आतड्याच्या स्नायूंचा पीळही सोडवते. म्हणून वायूची कळ, मुरडा, अपचन यांत आराम पडे तो मनाचा खेळ नव्हता. आजचे डॉक्टरही आतड्याच्या जुन्या त्रासात या तेलाच्या कॅप्सूल देतात. पटकीत मात्र याचा जोर चालत नव्हता. पटकीत माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार वाहून गेल्याने. त्यावर इलाज साखर-मिठाचे पाणी. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते पिंपांनी पाजून हजारो जीव वाचवले. म्हणजे बत्ताशावरचे थेंब उलटीची उमळ थोपवत असतील, पण त्या जोडीला तांब्याभर मीठ-साखरेचे पाणी पाजले असते तर वाचण्याची शक्यता होती. उलट, पटकीच्या रोग्याला पाणी देऊ नये असाच समज तेव्हा घट्ट होता, आणि तो काही खेडुतांपुरता नव्हता. किती घरे त्याने ओसाड केली असतील!

आणखी एक गोष्ट औषधाच्या प्रेमात लोक विसरत. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात आणि तान्ह्याच्या नाकाशी मेन्थॉल लावले तर त्याचा श्वासच अडकू शकतो. मोठ्यांना दोन थेंब बरे, म्हणून बाळाला अर्धा द्यायचा, हा हिशेब इथे चालत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने या बाटलीची गोची केली. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि मेन्थॉल, कापूर दोन्हींची वाट एकदम बंद झाली. युद्धाआधी होक्काइदोतले कितामी हे गाव जगातल्या मेन्थॉलच्या बाजाराचा मोठा वाटा एकटे भरत होते. आता जपानी शेतकऱ्याला पुदिना सोडून धान्य पेरायला लावले गेले. हिंदुस्थानातल्या औषधवाल्यांना तेव्हा कळले की आपली धारा कुठून वाहत होती. युद्ध संपल्यावर ब्राझीलने तो बाजार धरला, आणि भारतात कर्नल रामनाथ चोप्रा यांच्यासारख्या औषधशास्त्रज्ञांनी देशी लागवडीचा ध्यास घेतला. जम्मूच्या प्रयोगशाळेने पन्नाशीच्या दशकात जपानी पुदिना आणून लावला. ते रोप पुढे तराईत उतरले, ते शेवटी पाहू.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद भारतात आले. पुढे हाली शिक्का गेला, करोडगिरीही गेली. त्याआधीच्या वर्षभरात बार्शीच्या बाजूने सरहद्दीवर स्वातंत्र्यसैनिकांची केंद्रे होती, रझाकारांची दहशत होती, आणि ढोकी-तेर-तडवळे हा सगळाच पट्टा त्या धगीत होता. फाळणीने लाहोरही गेले. अमृतधारा फार्मसीला आपले बस्तान मोडून इकडे डेहराडूनला यावे लागले. १९५४ मध्ये बार्शी लाईट सरकारने विकत घेतली आणि त्याच वर्षी औषधांच्या चमत्कारिक जाहिरातींना आळा घालणारा कायदा आला. एकाच बाटलीने पन्नास रोग बरे करायची भाषा कागदोपत्री तरी संपली.

त्यानंतरचे पेपरमिंट म्हणजे सरकारी दवाखान्यातले. वयस्कर वाचकांना ते आठवत असेल. घरून बाटली धुऊन न्यायची, कंपाउंडर मोठ्या बरणीतून पाणीदार औषध ओतायचा, बाटलीच्या अंगाला डोसांच्या खुणा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. पोटाचे ते कार्मिनेटिव्ह मिक्श्चर. त्यात सोडा असे, वेलदोडा-आल्याचे टिंक्चर असे आणि सगळ्यांवर पेपरमिंटचा वास. इंग्लंडातून निघालेली ती जुनी वनस्पती खेड्यात खरी पोचली ती अशी, फुकट, चार आण्यांचीही झळ न लावता. त्याच सुमारास किराणा दुकानाच्या बरणीत पेपरमिंटच्या गोळ्या आल्या, आणि पोरांपुरते तरी पेपरमिंट म्हणजे औषध हे नाते तुटले.

टिंक्चरची मात्र बदनामी झाली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर आल्याचे टिंक्चर दारूऐवजी ढोसणारे निघाले. औषधात अल्कोहोल असले म्हणून त्यावरही बंदी चालेल का, हा वाद बलसारा खटल्यात १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि औषधी व प्रसाधनाच्या द्रव्यांवरची बंदी न्यायालयाने रद्द केली. हे मुंबई राज्याचे. मराठवाडा १९५६ मध्ये त्या राज्यात आला तेव्हा ढोकीच्या माणसालाही टिंक्चर म्हणजे जखमेचे आयोडीन किंवा चोरून प्यायची वस्तू, एवढेच समजू लागले. अमृतधारेला यातले काहीच चिकटले नाही, कारण तिच्या घरगुती कृतीत अल्कोहोल नव्हतेच.

तिच्यापुढचे संकट वेगळे होते, नकलेचे. कानपूरच्या एका कंपनीने लक्ष्मणधारा नावाने तसलेच औषध १९२३ पासून चालवले होते आणि १९५० मध्ये नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केला. अमृतधारावाल्यांनी हरकत घेतली. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाला अमृताची धारा आणि लक्ष्मणाची धारा या अगदी वेगळ्या कल्पना वाटल्या. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलटे ठरवले. हे औषध शहरात विकले जाते तसे खेड्यातही, शिकलेला घेतो तसा निरक्षरही. तो नावाची फोड करत बसत नाही, अर्धवट आठवणीवर एकूण आवाज ऐकून बाटली मागतो, आणि म्हणून तो फसू शकतो. तरी कानपूरवाल्यांचा इतक्या वर्षांचा उघड व्यापार आणि दुसऱ्या बाजूची तितक्याच वर्षांची चुप्पी पाहून नोंदणी उत्तर प्रदेशापुरती दिली गेली. भारतातल्या व्यापारचिन्हांच्या कायद्यात आजही हा निकाल शिकवतात. कायद्याच्या विद्यार्थ्यांना त्यातला 'सामान्य ग्राहक' हा काल्पनिक माणूस वाटतो. मला तो बाजारच्या दिवशी अत्ताराच्या दुकानासमोर उभा असलेला दिसतो: मळकट पटका, हातात पिशवी, घरी सुनेच्या पोटात कळ, आणि तोंडात फक्त "ती धारा द्या".

जम्मूत लावलेल्या त्या जपानी पुदिन्याचे पुढे काय झाले, तर १९५९ मध्ये सुगंधी व औषधी वनस्पतींची सरकारी संस्था निघाली, तिने शेतकऱ्याच्या कामाचे वाण काढले, आणि बदायूं, रामपूर, संभल, बाराबंकी या पट्ट्यात रब्बीनंतरच्या मोकळ्या दोन-तीन महिन्यांत मेंथा घेतला जाऊ लागला. शेताच्या बांधावरच भट्टी, ताजा पाला, वाफ, आणि पिंपात तेल. आज जगातल्या नैसर्गिक मेन्थॉलचा बहुतांश भारतातून जातो आणि जपान ते विकत घेतो. मराठवाड्यात या पिकाने मूळ धरले नाही. ऐन उन्हाळ्यात त्याला सारखे पाणी लागते, आणि तेरणेच्या खोऱ्यात त्या दिवसांत जे काही पाणी असते त्यावर उसाचा हक्क आधीच लागलेला असतो. बार्शी लाईटचा अरुंद रूळ २००७-०८ मध्ये उखडून रुंद झाला, मार्ग थोडा वळवून धाराशिव शहरातून नेला, पण ढोकीचे स्टेशन राहिले. हैदराबादेतल्या अंबरपेठच्या कारखान्यात झिंदा तिलिस्मात अजून भरले जाते, लेबलावर सिद्दी तोच. आणि काष्ठौषधींच्या दुकानात पुदिनाफूल, ओवाफूल, कापूर मागितले तर दुकानदार तिन्हींच्या वेगळ्या पुड्या बांधतो. एकत्र बांधल्या तर घरी पोचेपर्यंत पिशवी ओली होते.